आप्पांची चित्रं आणि ८० जी ची पावती

ताई, नमस्कार.

मी सांगलीत गावभागात राहते. वय ६३. माझे वडील, आप्पा, चौतीस वर्षं इथल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. २०२२ साली ते गेले. आई त्यांच्या आधीच गेली. मागे मी आणि पुण्यातला धाकटा भाऊ. मृत्युपत्र केलेलं नाही.

वाड्याच्या माडीवर आप्पांची एकशे वीसेक चित्रं आहेत. बरीचशी जलरंगातली: कृष्णेचा घाट, हरिपूरचा संगम, हळदीचे सौदे, मिरजेत सतारीचा भोपळा कोरणारा कारागीर. थोडी तैलचित्रं. शिवाय एका मोठ्या दिवंगत चित्रकाराचं निसर्गचित्र आहे. ते आप्पांनी १९८३ साली मुंबईहून साडेतीनशे रुपयांना आणलं होतं. पुण्याचा एक गॅलरीवाला म्हणाला, त्याचे आज सहा लाख येतील.

एक संस्था सगळी चित्रं दान म्हणून न्यायला तयार आहे. तिथले कार्यकर्ते म्हणाले, "दहा लाखांची ८० जी ची पावती देतो, टॅक्समध्ये सूट मिळेल." अमेरिकेत असलेला भाचा सांगतो, तिकडे म्युझियमला चित्र दिलं की बाजारभावाएवढी सूट मिळते, आपल्याकडेही असणार. भावाचं म्हणणं, विकून मोकळे होऊ. मला वर्षाला साडेसहा लाख पेन्शन मिळते, दुसरं उत्पन्न नाही. २०१९ च्या पुरात पाणी माडीच्या जिन्यापर्यंत आलं होतं, तेव्हापासून झोप लागत नाही. पावती घेऊ का? चित्रं देऊन टाकू का?

— एक वाचक, सांगली

*

ताई,

पावती घेऊ नका. चित्रं द्यायची की नाही ते पुढे बोलू, पण ती पावती हातात घेऊ नका आणि त्या पावतीसाठी एकही चित्र माडीवरून खाली आणू नका.

आपल्या आयकर कायद्यातल्या ८० जी ची वजावट फक्त पैशांच्या देणगीला आहे. कलमाच्या स्पष्टीकरणात ते स्वच्छ लिहिलंय: देणगी रकमेच्या रूपात नसेल तर वजावट नाही. तांदूळ, कपडे, औषधं, जमीन, चित्र, मूर्ती, काहीही दिलंत तरी उत्तर तेच. २०१९ च्या महापुरात सांगलीत कुठून कुठून ट्रक आले ते तुम्ही पाहिलंच आहे. चादरी, पाण्याच्या बाटल्या, भाकरीची पोती. त्या देणाऱ्यांपैकी कुणालाही त्या वस्तूंसाठी ८० जी मिळालेली नाही, आणि त्यांनी मागितलीही नसेल. पैसेसुद्धा रोख दिले तर दोन हजारांपर्यंतच चालतात. त्यापुढे चेक किंवा बँकेतून गेलेली रक्कम हवी.

मग ते कार्यकर्ते दहा लाखांची पावती कशी देणार होते? संस्थेला दरवर्षी देणगीदारांचं विवरण फॉर्म १० बीडी मध्ये आयकर विभागाकडे भरावं लागतं, आणि त्यावरून तुम्हाला १० बीई हे प्रमाणपत्र मिळतं. त्या विवरणात देणगी कशी मिळाली याचा एक रकाना असतो: रोख, वस्तुरूपात, बँकेतून, इतर. संस्थेनं खरं लिहायचं तर 'वस्तुरूपात' लिहावं लागेल, आणि मग तुमची वजावट शून्य. बँकेतून मिळाली असं लिहिलं तर ते खोटं, आणि त्या खोट्यावर विवरणपत्रात सही तुमची. कधी कधी सुचवतात की तुम्ही चेक द्या, आम्ही रोख परत करतो. तेही तेच. उत्पन्न चुकीचं दाखवून कर बुडवला असं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होतो, कर आणि व्याज वेगळं. चौतीस वर्षं मुलांना रेघ सरळ काढायला शिकवलेल्या माणसाच्या चित्रांवर असा कागद चिकटवायचा नाही, एवढंच मला वाटतं.

तुमचा भाचा खोटं बोलत नाहीये. तो सांगतोय तो कायदा तिकडचा आहे. अमेरिकेत वर्षापेक्षा जास्त काळ जवळ असलेलं चित्र म्युझियमला दिलं, आणि त्या म्युझियमनं ते आपल्या कामासाठीच वापरलं, तर बाजारभावाएवढी वजावट मिळते. तिलाही उत्पन्नाच्या तीस टक्क्यांची मर्यादा आहे, आणि पाच हजार डॉलरच्या वर तज्ज्ञाचं मूल्यांकन लागतं. पण तिथलाही एक नियम भाच्याला जरूर सांगा: चित्रकारानं स्वतः काढलेलं चित्र दान केलं तर त्याला फक्त रंग-कॅनव्हासच्या खर्चाची सूट मिळते. १९६९ पासून तिथले चित्रकार त्याबद्दल कुरकुरतायत. म्हणजे आप्पा तिकडे असते आणि त्यांनी हयातीत चित्रं दिली असती, तरी त्यांच्या वाट्याला रंगाच्या ट्यूबांचे पैसेच आले असते.

आता आकडे बघू. २०२५-२६ या वर्षाच्या दरांनी मांडते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण लोकांच्या तोंडी जुनेच आहेत, म्हणून मीही तेच वापरते.

नवीन करप्रणालीत तुमच्या साडेसहा लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ५,७५,००० उरतात. त्यावरचा कर करसवलतीत पूर्ण माफ होतो. म्हणजे आज तुम्ही एक रुपयाही कर भरत नाही. ८० जी मात्र नवीन प्रणालीत नाहीच, ती घ्यायची तर जुन्या प्रणालीत जायला हवं. तिथे प्रमाणित वजावट ५० हजारांची, उरले ६ लाख. बाकी वजावटी नाहीत असं धरलं तर ज्येष्ठ नागरिक म्हणून उपकरासह ३१,२०० रुपये कर बसतो. आता समजा तुम्ही एखाद्या नेहमीच्या धर्मादाय संस्थेला तीन लाख रुपये चेकनं दिले. अशा संस्थांना देणगीच्या निम्मी वजावट मिळते, आणि देणगीही तुमच्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंतचीच धरतात. सहा लाखांचे दहा टक्के साठ हजार, त्याचे निम्मे तीस हजार. कर वाचला ६,२४०. तीन लाख देऊन सहा हजार वाचले, आणि ते वाचवायला जिथे शून्य भरत होतात तिथे २४,९६० भरले.

तुमच्यासारख्या पेन्शनवरच्या माणसाला दानातून कर वाचवण्याचा विचारच सोडून द्यावा लागतो. मला हे वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं. आता चित्रांचा विचार चित्रं म्हणून करता येईल.

कायद्याला कलेची कदर नाही असंही नाही. ती दुसऱ्या दारानं आहे. २००७ च्या अर्थसंकल्पापर्यंत घरातली चित्रं-शिल्पं वैयक्तिक वापराच्या वस्तू म्हणून धरली जायची, विकली तरी भांडवली नफ्याचा कर नव्हता. त्या वर्षी दागिन्यांच्या पंगतीत चित्रं, रेखाटनं, शिल्पं आणि एकूणच कलाकृती जाऊन बसल्या. तेव्हापासून चित्र विकलं की नफ्यावर कर. पण दान म्हणून किंवा मृत्युपत्रानं दिलेलं चित्र 'हस्तांतरण' धरत नाहीत. म्हणून चित्र देताना तुम्हाला वजावट मिळत नाही, तसा करही लागत नाही.

याहून महत्त्वाचं एक पोटकलम आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. कलाकृती, कलासंग्रह, हस्तलिखित, पुस्तक, रेखाटन, चित्र, छायाचित्र असं काही सरकारला, विद्यापीठाला, राष्ट्रीय संग्रहालयाला, राष्ट्रीय कलादालनाला किंवा केंद्र सरकारनं राजपत्रात नाव घातलेल्या संग्रहालयाला दिलं, तर ते हस्तांतरणच नाही. आणि 'दिलं' म्हणजे फुकटच दिलं असं नाही. पैसे घेऊन विकलं तरी नफ्यावर कर नाही. कलम ४७ चं नववं पोटकलम. राज्य शासनाची संग्रहालयं सरकारातच येतात, आणि आपल्या भागाचं शिवाजी विद्यापीठ कोल्हापुरातच आहे.

ते निसर्गचित्र घ्या उदाहरणाला. मृत्युपत्र नाही, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायद्यानं ते तुम्हा दोघा भावंडांचं निम्मं-निम्मं. बाजारात सहा लाखांना गेलं तर तुमचे तीन लाख. आप्पांनी ते १९८३ साली घेतलं, त्यामुळे साडेतीनशे रुपयांऐवजी १ एप्रिल २००१ ची बाजारातली किंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा दाखला काढा. समजा ती चाळीस हजार निघाली, तर तुमच्या वाट्याला वीस हजार. नफा २,८०,०००. त्यावर साडेबारा टक्क्यांनी ३५,०००, उपकर १,४००, एकूण ३६,४००. पेन्शनवरची करसवलत या कराला लागू होत नाही, तो भरावाच लागतो. हेच चित्र एखाद्या सरकारी संग्रहालयानं विकत घेतलं तर हे ३६,४०० वाचतात. त्यांनी बाजारापेक्षा थोडे कमी पैसे दिले तरी हातात येणारी रक्कम जवळपास तेवढीच राहू शकते. भावाला हा हिशोब दाखवा. विकायचंच असेल तर पहिला निरोप गॅलरीवाल्याला नको, संग्रहालयाला जाऊ द्या.

आणि भावाला आत्ताच बोलवा. तुमच्या पत्रात तो एका वाक्यात आला आणि गेला, पण निम्मी चित्रं त्याची आहेत. त्याच्या सहीशिवाय तुम्ही एकही चित्र कुणाला दिलंत तर उद्या तो नाही तर त्याची मुलं प्रश्न काढतील, आणि बहीण-भावात वितुष्ट यायला यापेक्षा कमी कारण पुरतं. दोघांनी बसून कुणी काय ठेवायचं, काय द्यायचं, काय विकायचं हे लिहून काढा आणि सह्या करा. त्यानं आपला वाटा तुम्हाला देऊन टाकला तरी भावाकडून बहिणीला मिळालेल्या वस्तूवर कर नाही.

माझ्या एका अशिलाची गोष्ट सांगते. मिरजेकडचे गृहस्थ. वडिलांची बावीस तैलचित्रं त्यांनी एका संस्थेला दिली. कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ झालं, पेपरात फोटो आला. कागद म्हणून मिळालं ते संस्थेच्या लेटरहेडवरचं आभाराचं पत्र. चार वर्षांनी त्यांचा मुलगा कामानिमित्त परगावी गेला, तर एका हॉटेलच्या स्वागतकक्षात आजोबांची सही. संस्थेत चौकशी केली तर जुने पदाधिकारी बदललेले, नोंदवही सापडत नाही. गृहस्थ माझ्यासमोर बसून रडले होते. करायला काही उरलं नव्हतं.

हे होऊ शकतं, कारण महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात संस्थेची स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, पण चित्र जंगम आहे. त्याला ते कलम लागत नाही. दुसरीकडे आयकराच्या बाजूनं संस्थेवर असा दाब असतो की ठरलेल्या गुंतवणुकीत न बसणारी मालमत्ता मिळाल्याचं वर्ष संपल्यापासून वर्षभराहून जास्त बाळगू नये. संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचं कामच वस्तू जपण्याचं असतं, पण दवाखाना किंवा वसतिगृह चालवणारी चांगली, प्रामाणिक संस्थासुद्धा तुमची चित्रं विकून पैसे करायला बघेल. त्यात त्यांचं चूक नाही. फक्त हे तुम्हाला देण्याआधी कळायला हवं.

म्हणून त्या संस्थेला भेटायला जा, आणि कार्यालयात चहा घेऊन परत येऊ नका. चित्रं कुठे ठेवणार ती खोली बघा. पावसाळ्यात भिंतीला ओल येते का, खिडकीतून ऊन कुठे पडतं, आधी मिळालेल्या वस्तूंची नोंदवही आहे का, त्यातली एखादी वस्तू पाच मिनिटांत दाखवता येते का. ही नोंदवही मला ८० जी च्या पावतीपेक्षा कितीतरी मोठी वाटते. सांगलीच्या धर्मादाय कार्यालयातून त्यांची नोंदणी आणि मागची हिशोबपत्रकं बघता येतील. कार्यकर्त्यांनी खोट्या पावतीचं आमिष आपणहून दाखवलं असेल तर माझं मन आधीच नकाराकडे आहे.

द्यायचं ठरलंच, तर दानपत्र करा. जंगम वस्तूचं दान नुसतं हातात देऊनही पुरं होतं, नोंदणीची सक्ती नाही. पण लिहिलेलं नसेल तर अटी कुणाला आठवणार? प्रत्येक चित्राचा क्रमांक, छोटा फोटो, मोजमाप, माध्यम. संस्थेनं स्वीकारल्याची सही. चित्र विकणार नाही, आणि ठेवणं अशक्य झालं तर आधी कुटुंबाला परत विचारेल, हे वाक्य. चित्राखाली आप्पांचं नाव कसं लिहायचं, तेही. वकिलाकडून वाचून घ्या. मजकूर तुम्ही भावंडांनीच आधी लिहून न्या, म्हणजे त्यात आप्पा येतील.

दानपत्रात आणखी एक ओळ हवी, आणि ती बहुतेक जण विसरतात. चित्र दिलं म्हणजे त्याचा कॉपीराइट दिला असं होत नाही. तो लेखी करार करून वेगळा द्यावा लागतो. आप्पा २०२२ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांचा कॉपीराइट २०८२ संपेपर्यंत तुम्हा वारसांकडे आहे. संस्थेनं दिनदर्शिका, भेटकार्डं काढायची असतील तर तुम्हाला विचारायला हवं. मी तुमच्या जागी असते तर छापायची परवानगी आनंदानं दिली असती, नाव छापण्याच्या अटीवर.

आता जागेविषयी. औंधला गेला आहात का? गेला नसाल तर भावाला घेऊन एक दिवस काढा, साताऱ्याच्या अलीकडेच आहे. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली भवानी संग्रहालय बांधलं. ते स्वतः चित्रकार होते. राजा रविवर्म्यांची चित्रं, हेन्री मूर यांचं आई-मुलाचं शिल्प, स्वतः जमवलेलं कितीतरी. एवढ्याशा संस्थानच्या राजाकडे हे सगळं होतं, आणि राजवाड्याच्या भिंतींवर ठेवता आलं असतं. तसं ठेवलं असतं तर आज कोण कुठल्या दिवाणखान्यात असतं कोण जाणे. त्यांनी त्यासाठी घर बांधलं, म्हणून संस्थान गेलं तरी चित्रं एकत्र राहिली, आणि शाळेच्या सहलीतली पोरं अजून ती बघतायत. मीही अशाच सहलीत पहिल्यांदा बघितली होती. एका चित्रासमोर बाईंनी आम्हाला ओळीनं उभं केलं आणि पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही असं बजावलं. ती पाच मिनिटं मला अजून आठवतात.

आप्पांची सगळीच्या सगळी एकशे वीस चित्रं एखादं मोठं संग्रहालय घेईल अशी आशा मात्र धरू नका. त्यांची जागा थोडी आणि निकष कडक असतात. हरिपूरचा संगम, जुने घाट, हळदीचे सौदे, सतार करणारे कारागीर ही चित्रं वेगळी काढा. त्यांना कलेइतकंच या गावच्या नोंदीचं मोल आहे, आणि सांगलीच्या शासकीय संग्रहालयाला किंवा विद्यापीठाला विचारायचं तर याच वीस-पंचवीसांबद्दल विचारा. अर्ज करा, फोटो जोडा, आणि उत्तराला वेळ लागेल हे धरून चाला.

उरलेल्यांसाठी मला एक सुचतंय. आप्पांनी चौतीस वर्षांत किती मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं असेल! त्यातले कितीतरी आज सांगलीतच असतील, कुणी डॉक्टर, कुणी सराफ, कुणी स्वतःच कलाशिक्षक. त्यांना बोलवा, एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये दोन दिवस चित्रं मांडा आणि आवडेल ते एकेक चित्र घेऊन जा म्हणावं. एका वर्षात नात्याबाहेरून मिळालेल्या अशा भेटींची एकूण किंमत पन्नास हजारांच्या आत असेल तर घेणाऱ्यालाही कर नाही, आणि आप्पांच्या बहुतेक जलरंगांची किंमत त्या आतच असावी. ज्याला सरांनी पहिल्यांदा कुंचला धरायला शिकवला तो माणूस ते चित्र जेवढं जपेल तेवढं कुठलीही संस्था जपणार नाही. कुणी पैसे द्यायचं म्हणाला तर ते शाळेच्या नावानं थेट शाळेकडे जाऊ द्या, रंगपेट्या आणि परीक्षा फीसाठी. तुमच्या हातातून नको, म्हणजे विक्रीचा प्रश्न उभा राहत नाही. शाळेच्या संस्थेला ८० जी असेल तर त्या माणसाला त्याच्या चेकची खरी पावतीही मिळेल.

यातलं काहीही ठरेपर्यंत माडीकडे बघा. तुमची झोप त्या पुरानं उडवली आहे आणि ते साहजिकच आहे. २०२१ लाही पाणी आलंच होतं. आयर्विन पुलाजवळची पातळी चढताना रेडिओवर ऐकत बसण्यापेक्षा पावसाळ्याआधी चित्रं विश्रामबागेकडे, उंचावरच्या कुणा नातेवाइकाच्या कोरड्या खोलीत हलवा. भाडं द्यावं लागलं तरी द्या. हलवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका. तो कागद पिवळा पडतो आणि आपला पिवळेपणा चित्राला देतो. धुऊन खळ काढलेलं मांजरपाट चालेल. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेला जलरंग पावसाळ्यात बुरशी धरतो. चित्रं भिंतीला टेकवू नका, बोटभर अंतर ठेवा, आणि जमिनीवर ठेवण्यापेक्षा लोखंडी मांडणीवर ठेवा, म्हणजे वाळवीला वर चढायला लाकूड मिळणार नाही. एखादं चित्र भिजलंच तर उन्हात घालू नका. काचेला चिकटलेलं असेल तर ओढू नका. सावलीत आडवं ठेवून जाणकाराला बोलवा.

माडीवर चित्रांबरोबर पोथ्या किंवा जुन्या मूर्ती निघाल्या तर त्या बाजूला ठेवा आणि मला वेगळं लिहा. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना आणि पंचाहत्तर वर्षांवरच्या महत्त्वाच्या हस्तलिखितांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, त्यांच्या नोंदणीचं प्रकरण निराळं आहे.

यादी मात्र या रविवारीच सुरू करा. शाळेची दोनशे पानी वही घ्या. चित्र काढा, उजेडात धरा, पुढून-मागून फोटो, इंचांत लांबी-रुंदी, सही कुठल्या कोपऱ्यात, सालाची नोंद आहे का, कुठे डाग. मागे क्रमांक घालताना शिसपेन्सिल वापरा, तीही हलकी. बॉलपेन नको, शाई कागदातून पुढे येते. आणि जमलं तर भाऊ आल्यावरच बसा, कारण कुठला घाट कुठला, त्या होडीत बसलेला मुलगा कोण, हे तुमच्यातल्या एकाला आठवेल आणि दुसऱ्याला नाही. ते त्या वहीतच चित्राच्या नावासमोर लिहून ठेवा.